नणंद खंदकात पडली आहे, काढू का?

“माझी पहिली पोस्ट काढा, शेवटची काढा, मधली कुठलीही काढा! एक शब्द मागे घ्यावा लागला तर नाव लावणार नाही!”

असं रणचंडीने भर फोरमवर ठणकावून लिहिलं आणि मोठ्या समाधानाने चहाचा कप उचलला. आपली पहिली पोस्ट नक्की काय होती, हे तिला अजिबात आठवत नव्हतं. पण ज्या बाईने आयुष्यात कधी माघार घेतली नाही, तिची पहिली पोस्टही तशीच बाणेदार असणार, याबद्दल तिला शंका नव्हती.

रणचंडी हे तिचं फोरमवरचं नाव. एरवी तिला कुणी रणचंडी म्हणत नसे, निदान तोंडावर तरी. ती आणि तिचा नवरा चष्म्यांचं दुकान चालवत. नवरा डोळे तपासायचा. ती काचा घासायची, फ्रेममध्ये बसवायची, वाकड्या दांड्या सरळ करायची. दुकानातलं निम्म्याहून जास्त काम तिच्या हातचं, पण गिऱ्हाईक आत आलं की तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत विचारायचं, “साहेब नाहीत का?” चष्मा लावल्यावरसुद्धा त्यांना ती दिसत नसे!

फोरमवर मात्र ती सगळ्यांना दिसायची. ‘तटबंदी’ नावाच्या ऑनलाइन खेळाचा हा फोरम, म्हणजे खेळणाऱ्यांचा गप्पांचा कट्टा. खेळात एक किल्ला बांधायचा, त्यात माणसं वसवायची, त्यांना खाऊपिऊ घालायचं आणि शत्रू आला की त्याला पिटाळून लावायचं. नवा माणूस रडकुंडीला येऊन काही विचारायला आला की पहिलं उत्तर रणचंडीचं असायचं. काचा घासता घासता ती फोनवर कुणाकुणाचे बुरूज पडता पडता सावरून द्यायची. गेली कित्येक वर्षं तिचा हा उद्योग सुखाने चालला होता.

आणि आता फोरमचे कोतवाल निवृत्त होत होते. कोतवाल म्हणजे भांडणं सोडवणारा, उद्धटांना तंबी देणारा, नव्यांना सांभाळून घेणारा फोरमचा कारभारी. या कोतवालांना सगळे ‘आजोबा’ म्हणत. त्यांच्या जागी सभासदांनी मतं देऊन नवा कोतवाल निवडायचा होता आणि रणचंडीला ती जागा हवी होती. अगदी मनापासून हवी होती. कुठेतरी एका ठिकाणी लोकांनी आत येऊन ‘साहेब नाहीत का’ असं न विचारता ‘कोतवालबाई आहेत का’ असं विचारावं, एवढीच तिची इच्छा होती. ती तिने कुणाला बोलून दाखवली नव्हती, कारण बोलून दाखवली असती तर नवऱ्याने विचारलं असतं, “त्याचे पैसे देतात का?”

समोर उभं होतं घुबड. हेही फोरमवरचंच नाव. घुबडाला खेळातलं सगळं यायचं आणि माणसातलं काही यायचं नाही. कुणी काही विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं: “आधी शोधा, मग विचारा.” त्याने प्रचाराच्या धाग्यावर, म्हणजे फोरमवरच्या त्या चर्चेत, लिहिलं, “कोतवालाला खेळ कळावा लागतो. रणचंडीबाई गोड बोलतात, हे मान्य आहे.”

गोड! तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि मग ते सुरुवातीचं जाहीर आव्हान तिच्या हातून लिहून झालं.

चहा संपल्यावर तिने सहज म्हणून आपली पहिली पोस्ट उघडली. मथळा असा होता:

“तातडीने मदत हवी!!!!! नणंद खंदकात पडली आहे, काढू का?”

तिने डोळे चोळले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मथळा होता तिथेच होता. खाली मजकूर होता:

“नमस्कार. माझी नणंद कालपासून खंदकात आहे. ती ओरडत नाही, नुसते हात हलवते. तिला काढायला लाकूड लागतं असं कळलं. पण तेवढ्या लाकडात माझं नवीन कोठार होतं. तरी काढू का राहू देऊ? जाणकारांनी सांगावं.”

खाली एका जाणकाराने सांगितलं होतं, “राहू द्या. कोठार बांधा.”

आणि त्याच्याखाली तिचंच उत्तर: “खूप खूप आभार!! कोठार फार छान झालं.”

तेव्हा तिला सगळं आठवलं. खेळ सुरू करताना किल्ल्यातल्या माणसांना नावं द्यावी लागत. ती तेव्हा नुकतीच लग्न होऊन या घरात आली होती, डोक्यात दुसरं काही नव्हतंच. म्हणून तिने घरातली नातीच वाटून टाकली. लोहाराला नवरा, जात्यावरच्या बाईला सासूबाई आणि स्वयंपाकघरातल्या पोरीला नणंद. लक्षात ठेवायला सोपं! त्यामुळे तिची दुसरी पोस्ट होती, “सासूबाई सारख्या दळत बसतात, थांबतच नाहीत. बंद कुठून करायच्या?” आणि तिसरी, “नवऱ्याला विकता येतं का? बाजारात बटण दिसत नाही. एक बैल आला तरी चालेल.”

“अगं बाई!” रणचंडी म्हणाली.

“काय झालं?” पडद्यापलीकडून नवऱ्याने विचारलं. तो एका शिक्षकांचे डोळे तपासत होता.

“काही नाही! तुमचं चालू द्या!”

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? गप्प बसला असता. जुना धागा, फोरमच्या तळाशी गाळात रुतलेला, कोण कशाला खाली बुडी मारायला जातंय! पण गप्प बसणं हा रणचंडीचा प्रांतच नव्हता. तिने ‘बदल करा’ हे बटण दाबलं. ते तिने इतक्या वर्षांत कधीच दाबलं नव्हतं, शब्द मागे घ्यायची वेळच आली नव्हती ना! त्यामुळे ते दाबल्यावर काय होतं, हेही तिला ठाऊक नव्हतं. फोरमच्या जुन्या मंडळींनी मोठ्या विचाराने एक रीत घालून ठेवली होती. कुणी गुपचूप आपलं म्हणणं फिरवू नये, म्हणून जुन्या पोस्टमध्ये कानामात्रा जरी बदलली तरी तो धागा थेट पहिल्या पानावर सगळ्यांत वर यायचा, आणि त्या धाग्यावर ज्याने ज्याने कधी तोंड उघडलं असेल, त्या प्रत्येकाला मेल जायचा. मेलमध्ये जुना मजकूर, नवा मजकूर, दोन्ही!

रणचंडीने ‘नणंद’ खोडून ‘एक बाई’ केलं. धागा टुणकन वर आला.

“कोण बाई?” लगेच कुणीतरी विचारलं. “आधी तर नणंद होती!”

घाबरून तिने ‘एक बाई’ खोडून ‘बदक’ केलं. धागा पुन्हा वर आला.

“बदक खंदकात पडलं, तर त्यात तातडीचं काय?” एकाने विचारलं.

“आणि ते हात कुठले हलवतंय?” दुसऱ्याने विचारलं.

तिने धागाच काढून टाकायची विनंती आजोबांकडे पाठवली. आजोबांचं उत्तर आलं, “मुली, मतदान होईपर्यंत मी कुठलाच धागा काढत नाही. आणि काढू कशाला? बरेच दिवसांनी मी इतका हसलोय.”

तोवर घुबडाने तिन्ही पोस्ट प्रचाराच्या धाग्यावर आणून चिकटवल्या होत्या आणि खाली एकच ओळ लिहिली होती: “हे तुमचे होणारे कोतवाल.”

पण खरा घोटाळा फोरमवर झालाच नाही. तो झाला विमा कंपनीच्या एका कचेरीत. त्या जुन्या धाग्यावर फार पूर्वी एका बाईने विचारलं होतं, “वहिनी, मी पण नाव नोंदवलं. आता हे उघडायचं कसं?” ती बाई म्हणजे खुद्द नणंद! त्यामुळे मेल तिलाही गेला होता. ती जेवायला खाली गेली होती, फोन टेबलावर राहिला होता, आणि शेजारच्या टेबलावरच्या हेडक्लार्कबाईंना दुसऱ्याचा फोन वाजला की वाचल्याशिवाय राहवत नसे. त्यांनी वाचलं: “तातडीने मदत हवी!!!!! नणंद खंदकात पडली आहे... ती ओरडत नाही, नुसते हात हलवते.” पुढचं वाचायला थांबल्या असत्या तर त्या हेडक्लार्क कसल्या! पाठवणारी कोण, तर रणचंडी, म्हणजे हिची फोरमवाली वहिनी, हे सगळ्या कचेरीला ठाऊक. म्हणजे नणंद कोण, तर हीच, आणि खुर्ची तर रिकामी. त्यातून कचेरीबाहेरचा रस्ता पाइप टाकायला लांबच्या लांब खणून ठेवलेला. बाईंनी दोन अधिक दोन केले आणि दुकानाला फोन लावला.

फोन नवऱ्याने घेतला.

“अहो, तुमची बहीण कचेरीसमोरच्या खंदकात पडलीय!”

“काय?”

“नुसते हात हलवतेय म्हणे! ओरडायचंही त्राण नाही!”

नवऱ्याने फोन ठेवला नाही, टाकला. शिक्षकांच्या नाकावर तपासणीची ती जड लोखंडी फ्रेम तशीच होती, एका डोळ्यावर झाकण, दुसऱ्यावर तीन काचा. त्यांना “आलोच!” म्हणून तो शेजारच्या हार्डवेअरच्या दुकानातून एक जाडजूड दोर उचलून धावत सुटला. रणचंडी मागून ओरडली, “अहो! कुठे चाललात?” पण तो वळून म्हणाला, “विचारत काय बसलीस, ताई पडलीय!” आणि दिसेनासा झाला. धाकट्या बहिणीला तो लाडाने ताई म्हणे.

“बाई,” आतून शिक्षक म्हणाले, “शेवटच्या ओळीत मला सगळीकडे गोलच दिसतायत. बरोबर आहे का?”

पुढचं दृश्य नणंदेच्या तोंडून पुढे कित्येक दिवस ऐकायला मिळालं. ती जेवून वर चालली होती. बाहेर गर्दी दिसली म्हणून डोकावली, तर तिचा सख्खा भाऊ रस्त्यावर पालथा पडून खड्ड्यात दोर सोडत होता. “घाबरू नकोस! धर! मी आलोय!” असं तो बेंबीच्या देठापासून ओरडत होता. खाली दोन मजूर डबा खात बसले होते. त्यातल्या एकाने आदराने दोर धरला होता, कारण इतक्या कळकळीने कुणी त्याला कधी वाचवायला आलं नव्हतं.

“दादा,” नणंद मागून म्हणाली, “तू काय करतोयस?”

दादाने वळून पाहिलं, पुन्हा खड्ड्यात पाहिलं, पुन्हा वळून पाहिलं.

“तू बाहेर कशी आलीस?” त्याने विचारलं.

थोड्या वेळाने दोघं दुकानात आली. नवऱ्याचा सदरा मातीने माखलेला, खांद्यावर दोर, आणि नणंदेच्या हातात फोन. तिने आता सगळा धागा नीट वाचला होता. मालवाहू गाडी उतरणीला लागावी तशी ती आत घुसली.

“वहिनी! कोठार बांधलंस? मी बुडत होते आणि तू कोठार बांधलंस?”

“बुडत नव्हतीस, हात हलवत होतीस.”

“आणि वर लिहितेस, फार छान झालं!”

“छान झालंच होतं!”

“आणि मग मला बदक केलंस?”

“ते तुझ्याच अब्रूसाठी!”

“माफी माग!”

नवऱ्याने दोर खाली ठेवला. “अगं, माग की. एक शब्द तर आहे. सगळ्यांचीच मागून टाक, घरच्यांची, फोरमवाल्यांची. लिही, तेव्हा कळत नव्हतं, चूक झाली. विषय संपला.”

रणचंडीला खरंच वाटलं, मागावी. कोतवालपद तर गेलंच होतं, निदान घरातली शांतता राहील. तिने फोन हातात घेतला, त्या जुन्या पोस्ट पुन्हा वाचल्या आणि तिला स्वतःचाच राग यायच्याऐवजी त्या तेव्हाच्या नव्या नवरीची भयंकर माया आली.

“नाही मागणार,” ती म्हणाली.

“अगं पण...”

“नाही म्हणजे नाही! ऐका दोघंही. मी या घरात आले तेव्हा मला काही विचारायची चोरी होती. काचेचा नंबर कसा बघायचा विचारलं, तर तुम्ही म्हणालात, राहू दे, तुला नाही जमायचं. गॅस कसा लावायचा विचारलं तर सासूबाई हसल्या. आणि ताई, तू तर मला भाजीवाल्याशी बोलूसुद्धा द्यायची नाहीस, मला भाव कळत नाही म्हणून! जगात एकच जागा होती, जिथे मी वेड्यासारखं काहीही विचारलं आणि कुणी तरी सरळ उत्तर दिलं. राहू द्या, कोठार बांधा! एवढंच! मला रडू आलं होतं ते वाचून. त्या प्रश्नांची मी माफी मागू? मेले तरी मागणार नाही!”

पडद्यापलीकडून शिक्षक खाकरले.

“बाईंचं बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण माझी ही फ्रेम कुणी काढेल का?”

नवऱ्याने जाऊन त्यांची फ्रेम काढली. परत आल्यावर तो बायकोच्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावला आणि हळूच म्हणाला, “मग बैल आला का?”

“नाही. लोहाराला कुणी घेईना.”

नणंदेला हसू फुटलं. ते तिने दाबायचा प्रयत्न केला, पण फसला. “भाजीवाल्याचं मात्र खरं आहे, वहिनी,” ती म्हणाली. “मलाही भाव कळत नसे.”

मग रणचंडीने बाह्या सरसावल्या. बदकाची पुन्हा नणंद केली, मथळा होता तसा, पाचही उद्गारचिन्हांसकट! धागा वर आला. येऊ दे! सासूबाईंच्या आणि नवऱ्याच्या धाग्यांवर मुद्दाम एकेक टिंब टाकून तेही वर आणले. आणि लिहिलं, “या माझ्या पहिल्या पोस्ट. मघाशी घाबरून एक बदलायला गेले, तेवढीच काय ती माझी चूक. वाचा आणि हवं तेवढं हसा. शब्द मागे घेणार नाही.”

फोरमचा नूरच पालटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. “आमच्या नणंदेलाही त्या खंदकाचा पत्ता द्या” अशी मागणी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तर रणचंडीच कोतवाल होणार, असं सगळे धरून चालले होते. शिक्षकांनीही नवा चष्मा न्यायला आल्यावर “कोतवालबाई आहेत का?” असं विचारलं, आणि तिचे कान तृप्त झाले.

आणि इथे तिच्या भक्तांनी घात केला. त्यांना नुसतं जिंकून भागेना, त्यांनी घुबडाची पहिली पोस्ट उकरून काढली. ती अशी होती: “किल्ल्याचं दार कुठे आहे? मी सैन्य घेऊन भिंतीभोवती फिरतो आहे. सैनिकांचं खाणं संपलं. दार सापडत नाही. कृपया हसू नका.”

मग काय विचारता! सगळे हसले. एकाने लिहिलं, “आधी शोधा, मग विचारा!” दुसऱ्याने घुबडाचं चित्र काढलं, भिंतीला डोकं टेकून रडणारं. दिवसभर घुबडाचा आवाज नव्हता. रणचंडीला आधी उकळ्या फुटल्या. मग तिने ते ‘कृपया हसू नका’ पुन्हा वाचलं आणि तिला चैन पडेना. काच घासताना तिच्या हातून एक कड उडाली.

“गप्प बस,” नवरा म्हणाला. “आयतं चाललंय.”

पण गप्प बसणं हा तिचा प्रांत नव्हता, हे मागे सांगितलंच आहे. तिने हातातली काच खाली ठेवली आणि लिहायला बसली.

“हसणाऱ्यांनो, लाज वाटू द्या! हा माणूस उपाशी सैन्य घेऊन दार शोधत फिरला आणि शेवटी तुम्हाला विचारायला आला. त्याला तेव्हा कुणी उत्तर दिलं? मी आताच पाहिलं, त्या धाग्यावर एकही उत्तर नाही! पुढे त्याने दार स्वतः शोधलं आणि खेळातलं सगळं स्वतः शिकला. म्हणूनच तो सगळ्यांना शोधा म्हणून सांगतो, कारण त्याला दुसरं काही कुणी दिलंच नाही. ज्याला उत्तराशिवाय भिंतीभोवती फिरावं लागलं, त्याला नव्या माणसाचं दुःख आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्याला हसाल तर मला हसावं लागेल. आणि मला हसाल तर याद राखा!”

ते वाचून लोक हेलावले. चित्र काढणाऱ्याने चित्र काढून टाकलं. घुबड पहिल्यांदाच दोन ओळींपेक्षा जास्त काहीतरी बोललं: “धन्यवाद, रणचंडीबाई. दार उत्तरेला होतं. यापुढे कुणी दार विचारलं तर मी सांगेन.” त्यावर आजोबांनी डोळ्यांत पाणी आल्याचं लिहिलं. नवरासुद्धा नाक ओढत म्हणाला, “चांगलं लिहितेस गं तू.”

मतदान झालं. निकाल लागला.

घुबड निवडून आलं!

तेही घासून नाही, अगदी दणदणीत. रणचंडी निकालाकडे बघत राहिली. तेवढ्यात नणंदेचा फोन आला. आवाज भरून आलेला.

“वहिनी, काय लिहिलंस गं! मी कचेरीत सगळ्यांना वाचून दाखवलं. हेडक्लार्कबाई तर हुंदके देत होत्या. तो बिचारा, ते उपाशी सैन्य, ती भिंत... मी तर माझं जुनं खातं उघडून मतसुद्धा दिलं, माहितीय?”

“कुणाला?” रणचंडीने विचारलं, पण तिला उत्तर आधीच कळलं होतं.

“म्हणजे काय, त्यालाच! तूच नाही का म्हणालीस, नव्या माणसाचं दुःख त्यालाच जास्त कळतं म्हणून?”

रणचंडीने फोन ठेवला. नवरा सावधपणे काउंटरच्या पलीकडच्या टोकाला सरकला.

“माफी मागणार नाही!” ती म्हणाली.

“कुणी मागितली?”

“लिहिलं त्यातला एक शब्दही मागे घेणार नाही!”

“बरं.”

“आणि पुढच्या वेळी मी पुन्हा उभी राहणार आहे!” रणचंडीने काच उचलली आणि घासायला घेतली. “पण तेव्हा कुणाबद्दल एक अक्षर चांगलं लिहिणार नाही. कुणाबद्दलच!”